पाहावं, हात लावू नये

त्या वाडीत कडी वाजल्याचा आवाज नव्हता. जात्याची घरघर होती, मोटेची कुरकुर होती, पहाटेपासून भाकरी थापल्याचा थपथपाट होता, शेळ्यांचं बेंबें होतं. पण दार उघडल्याचा, लावल्याचा, रागाने आपटल्याचा आवाज कुठून म्हणून येत नसे, कारण दारंच नव्हती. शिंगणापूर जवळ, आणि शनिदेवाचा धाक आमच्या वाडीपर्यंत चांगला पोचलेला. घराला चौकट असायची, उंबरा असायचा, फळी नाही. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर बाभळीची फांदी आडवी टाकायची. दादा, म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेवर मास्तर म्हणून बदलून आले, तेव्हा आई डोक्यावरचं पितळी भांड्यांचं गाठोडं खाली ठेवायलाच तयार होईना. "अहो, उघड्यावर मांडू का संसार?" म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. शेजारची ठकूबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती हसून म्हणाली, "आवं बामनीनबाई, रडताय कशापायी? हितं कुनी कशाला हात लावीत न्हाई. दार न्हाई म्हून आमच्यातली मानसं डोळ्याला दार लावत्यात."

हे तिचं बोलणं नुसतं बोलणं नव्हतं, तो त्या वाडीचा कायदा होता. कुणाच्याही चौकटीसमोर उभं राहून "हाय का घरात?" अशी हाळी द्यायची. आतून "या" आलं तरच उंबऱ्यावर पाय ठेवायचा. आणि येताजाता आतलं जे दिसेल, नवरा-बायकोचं भांडण, रिकामी उतरंड, कुणाचं रडणं, ते दिसलंच नाही असं समजायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही, मध्ये पडायचं तर नाहीच. कुणी वावगं वागलं तर देव बघून घेईल, माणसाने कशाला नाक खुपसावं? दादांना हा कायदा इतका आवडला, इतका आवडला, की विचारू नका. आईला मात्र तो पहिल्या दिवसापासून खुपला. "बघायचं आणि गप्प बसायचं, हे माणसाचं वागणं झालं का मांजराचं?" असं ती चुलीशी पुटपुटायची.

ठकूबाईची मुलगी सखू माझ्याच वयाची. तिला आणि मला एकच चौकट असल्यासारखंच होतं म्हणा ना. ती आमच्याकडे येताना हाळी द्यायची, पण "या" ऐकायला थांबायची नाही, हाळीबरोबरच आत. नाकात चमकी, केसांत कायम भुसा, आणि दातात फट. त्या फटीतून ती अशी शीळ घालायची की शेळ्या माना वर करत. हुलग्याचे शेंगोळे तिच्या आईच्या हातचे खावेत! आमच्या घरी आई तूप-मेतकुटाचा भात करी, आणि मी तो ताटात तसाच टाकून ठकूबाईच्या चुलीपुढे बसलेली असे, शेंगोळ्याच्या रश्श्याने नाक गळतंय, जीभ भाजतेय, आणि सखू मला चिडवतेय, "बामनाच्या पोरीला तिखाट सोसंना, बामनाच्या पोरीला तिखाट सोसंना!" त्या रश्श्याचा वास मला आजही कुठे आला की मी उठून जाते. सून म्हणते, तुम्हाला हुलगे चालत नाहीत का? चालत नाहीत.

आता दादांच्या लिहिण्याविषयी सांगायला हवं. दादा पुण्याच्या एका मासिकात विज्ञानाच्या गोष्टी लिहीत. त्या काळी असल्या गोष्टी वाचणारे थोडे आणि लिहिणारे त्याहून थोडे. मासिकात छापायच्या आधी ते ती गोष्ट संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून सांगत, म्हणजे कुठे लोक जांभया देतात ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. वाडीतले बरेच जण जमत. त्या हिवाळ्यातली गोष्ट मंगळावरच्या लोकांची होती. त्यांचं एक विमान पृथ्वीवर येतं, ढगांच्या वर उभं राहतं, आणि त्यातून ती माणसं काचेतून खाली आपल्याला बघत बसतात. त्यांचा एकच नियम: पाहावं, हात लावू नये. खाली काही होवो, लढाई होवो, दुष्काळ पडो, वरच्यांनी उतरायचं नाही, कारण आपण शहाणे म्हणून दुसऱ्यांच्या जगात ढवळाढवळ केली की त्यांचं भलं होत नाही, वाटोळं होतं. त्या विमानात तारा नावाची एक मुलगी असते. तिला काचेतून दिसतं की डोंगरातला एक बंधारा आता फुटणार, आणि खालच्या गावाला त्याचा पत्ता नाही. गावात बायका दळतायत, पोरं खेळतायत. तारा म्हणते, मी उतरते. मोठी माणसं म्हणतात, नियम आहे.

ओट्यावर यावरून काय भांडणं व्हायची! सखूचे वडील कोंडिबा तंबाखू मळत म्हणायचे, "बराबर हाय त्यांचं. उद्या वरून कुनी परकं मानूस आलं आन म्हनलं पळा, तर आपून पळू का? धोंडं हानू." कुणी म्हणायचं, "आवं पर पोरं मरत्याल की!" ठकूबाई आपल्या चौकटीत बसून वाती वळता वळता म्हणायची, "ज्याचं त्याचं नशीब. वरच्याला खालचं काय कळतंय?" आणि सखू दादांच्या अगदी गुडघ्याशी सरकून दर संध्याकाळी एकच विचारायची, "मास्तर, तारी आज उतारती का?" दादा हसून म्हणायचे, "बघू, उद्या." मासिकाचे लोक जसे वाचकाला लटकवून ठेवतात तसं ते सखूला लटकवून ठेवत. खरी गोष्ट अशी की त्यांनाच ठरवता येत नव्हतं.

तो नियम दादांनी पुस्तकातून उचललेला नव्हता, त्यासाठी त्यांनी फार मोठी किंमत मोजली होती. आधी ते मिरजगावच्या पलीकडे एका खेड्यात मास्तर होते. मी तेव्हा कडेवर होते. तिथे पटकीची साथ आली. दादा तरुण, अंगात रग, विज्ञान शिकलेले. त्यांनी कुणाला न विचारता, न सांगता, पहाटे जाऊन गावच्या विहिरीत ते जंतू मारायचं लाल औषध टाकलं. सकाळी बायका पाण्याला आल्या तर विहीर लालभडक. मास्तराने विहीर बाटवली, कसलं रगत ओतलं, असा गलका झाला. दादा जीव तोडून सांगत होते, पण ऐकतो कोण? लोकांनी ती विहीर सोडली आणि ओढ्यातल्या डबक्याचं पाणी प्यायला लागले. मग साथ अशी भडकली की सरण रचायला माणसं पुरेनात. आई सांगायची, दादा त्यानंतर कित्येक महिने भाताच्या पातेल्यातसुद्धा आपल्या हाताने पाणी ओतत नसत. तेव्हा त्यांना उगाच भित्रे म्हणू नका. मी म्हणते, तो माझा हक्क आहे.

सुगी आटोपली तेव्हा तालुक्याहून देवी टोचणारा डॉक्टर येणार अशी दवंडी झाली. देवी म्हणजे तो फोडांचा रोग; आता नाहीसा झाला, नव्या पोरांना माहीतही नाही. तेव्हा त्याला रोग म्हणायचीही चोरी. देवी घरी पाहुणी येते, तिला मान द्यायचा, औषध करायचं नाही, फोडणी टाकायची नाही, आली तशी जाऊ द्यायची. डॉक्टर येणार म्हटल्यावर वाडीतली पोरं भराभर उसात लपवली गेली. मला मात्र दादांनी तीन वर्षांपूर्वीच नगरला नेऊन टोचून आणलं होतं. माझ्या दंडावर दोन गोल खड्डे होते, आणि सखू त्यात करंगळी घालून म्हणायची, "हितं मुंग्या ऱ्हात्यात का?"

डॉक्टर यायच्या आदल्या संध्याकाळी ठकूबाई आमच्या चौकटीशी आली. "मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या शाळंत सखूचं नाव हाय. त्यो साहेब तुमालाच इचारनार. तुमी काय बोलू नगा. माजा पयला ल्योक त्या सुईपायी गेला. टोचला आन पंधरवड्यात ताप आला, गेला. आता ही येकच हाय. तुमच्या पाया पडते, पर बोलू नगा." आणि ती खरंच वाकली. दादा दोन पावलं मागे सरले. ते म्हणाले, "ठकूबाई, मुलाचा ताप वेगळा असेल. सुईने असं होत नाही." ती म्हणाली, "आसंल. तुमी शिकल्यालं हायसा. पर पोरगी माजी हाय." यावर दादांनी मान डोलावली.

ती गेल्यावर आई पदर खोचून उभी राहिली. मी तिला दादांशी एवढ्या मोठ्याने बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "उद्या देवी आल्या तर तुमचा नियम त्या पोरीला वाचवणार आहे का? तिची आई अडाणी, पण तुम्ही?" दादा एवढंच म्हणाले, "विहीर विसरलीस?" आईने भांडी घासायला घेतली आणि ती इतक्या जोराने घासली की पलीकडे ऐकू गेली असतील. ठकूबाईने ऐकली असतील आणि वाडीच्या रिवाजाप्रमाणे ऐकलीच नाहीत असं समजली असेल.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आला. घामाघूम, टोपी हातात, बरोबर पेटी वागवणारा शिपाई. वाडीत पोर म्हणून दिसेना. तो वैतागून दादांना घेऊन ठकूबाईच्या चौकटीसमोर येऊन उभा राहिला. मी दादांचं बोट धरून. ठकूबाई उंबऱ्याच्या आत, कोंडिबा बाजूला. आत अंधार, कोपऱ्यात मोठी कणगी, फोकांनी विणून शेणाने सारवलेली, धान्य साठवायची. कणगीच्या बुडाशी धान्य काढायला भोक असतं आणि त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला असतो. तो बोळा नव्हता. भोकातून एक बोट बाहेर आलं होतं, आणि ते मला बघून वळवळत होतं. सखूच ती! लपून बसायलाही तिला गंमत वाटत होती. मला हसू फुटणार होतं. मी वर बघितलं तर दादाही तिकडेच बघत होते.

डॉक्टर उन्हात उभा, त्याला आतलं काही दिसत नव्हतं. "मास्तर, शाळेत यांची मुलगी येते ना? आत आहे का?" शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, हितं आत नगा शिरू. हितला देव लई कडक हाय." डॉक्टर म्हणाला, "मी उगाच नाही शिरणार. मास्तरांनी हो म्हणावं, मग मी यांना समजावतो, दोन तास बसायची माझी तयारी आहे. पलीकडच्या गावांत देवी सुरू झाल्यात हो! बोला मास्तर, एक शब्द बोला." चांगला माणूस होता बिचारा. ठकूबाईचे डोळे दादांच्या तोंडावर खिळलेले. मी दादांचं बोट ओढलं. त्यांनी माझा हात इतका घट्ट दाबला की कळ आली. आणि ते म्हणाले, "मी कुणाच्या घरात पाहत नाही, साहेब."

डॉक्टर टोपी घालून निघून गेला. कणगीतून सखू बाहेर आली तेव्हा डोक्यावर बाजरीचा भुसा आणि चेहऱ्यावर राज्य जिंकल्याचा आनंद. ठकूबाईने आमच्याकडे वाटीभर तूप आणून दिलं. आईने ते घेतलं, पण कुणाला वाढलं नाही. ते शिंक्यावर तसंच राहिलं, खवट झालं, आणि मग तिने ते गोठ्यातल्या दिव्यात जाळलं.

चैत्रात देवी आल्या. आधी वरच्या आळीला, मग सखूला. एका सकाळी उठले तर ठकूबाईच्या चौकटीला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले. चूल थंड. घरात तेल नाही, फोडणी नाही, कुणी मोठ्याने बोलत नाही. कोंडिबा अंगणात उकिडवे बसलेले, तंबाखूची चिमूट हातात तशीच. बाहेरच्याने आत जायचं नाही, देवीला सावट चालत नाही. मी चौकटीशी उभी राहून हाळी दिली, "सखू, हाय का घरात?" आतून ठकूबाई म्हणाली, "तिला हाळी दिऊ नगं. तिचं डोळं मिटल्यात." मी विचारलं, झोपली का? नंतर कळलं की फोडांनी पापण्या बंद झाल्या होत्या.

दादा शाळेतून आले, हातपाय न धुता ठकूबाईच्या उंबऱ्याबाहेर जाऊन जमिनीवर बसले. माझ्या आठवणीत ते नेहमी चटईवर बसत, धोतर सावरून. त्या दिवशी धुळीत बसले. आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. आवाज मोठा काढून, आत ऐकू जावा म्हणून. तारा उतरली, ते म्हणाले. नियम मोडून उतरली. मोठी माणसं ओरडत राहिली, पण ती उतरली, आणि गावात जाऊन तिने घराघराच्या चौकटीशी हाळी दिली, आणि कुणी या म्हणायची वाट न बघता आत शिरली, हाताला धरधरून सगळ्यांना बाहेर काढलं, टेकडीवर नेलं. मग बंधारा फुटला. पाणी आलं, घरं गेली, पण माणसं टेकडीवर होती. दादांचा आवाज एवढा चढला होता की आळीतली माणसं येऊन लांब उभी राहिली. दादा थांबले. मग आतून सखूचा आवाज आला, तो ओळखूसुद्धा येईना, घशातही फोड होते.

"शेळ्या बी?"

दादा म्हणाले, "हो ग बाळ. शेळ्यासुद्धा."

सखू दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तिला नेताना मला घरात कोंडायला हवं होतं, पण कोंडणार कसं, दार नव्हतं. आईने मला मांडीवर दाबून धरलं आणि माझे डोळे तिच्या हाताने झाकले. मी बोटांच्या फटीतून पाहिलं. एवढीशी होती हो ती, तिला न्यायला एक माणूस पुरला.

सुतक सरल्यावर ठकूबाई आमच्याकडे आली. हाळी दिली नाही. सरळ आत आली, वाडीत कधी कुणी येत नाही तशी, आणि माझ्यासमोर येऊन तिने माझ्या पोलक्याची बाही वर सारली. दंडावरच्या त्या खड्ड्यांवर अंगठा दाबून ती दादांना म्हणाली, "हे काय हाय, मास्तर?" दादा उभे राहिले. ती म्हणाली, "हिला टोचताना हिला इचारलं हुतं का? रडली आसंल की ही. तुमी हात धरून टोचून घेतलं आसंल. तुमाला ठावं हुतं, ह्यानं पोर जगतंय. आपल्या पोरीसाठी ठावं हुतं, तेवढं माज्या पोरीसाठी का न्हाई?"

दादांनी ओठ हलवले. "तुम्हीच म्हणाला होतात, ठकूबाई. पाया पडलात."

"पडले. मी येडी, पडले. मी आई हाय, मी भेले. पर तुमी शानं हुता ना? येड्या बाईचं ऐकायचं आस्तं व्हय?" तिचा आवाज चढला नव्हता. ती खरोखरच विचारत होती, पोर मास्तरांना गणित विचारतं तसं. "मला लोटून द्यायचं हुतं. माज्या थोबाडीत हानायची हुती. मी तुमाला जल्मभर शिव्या घातल्या आस्त्या, मास्तर. पोरीला मांडीव घिऊन घातल्या आस्त्या."

याचं उत्तर मला तरी देता येतं का? या वयातही नाही. नातू टीव्हीवर ती परग्रहावरच्या लोकांची मालिका बघत असतो, त्यातही तोच नियम, तोच ढगावरून बघण्याचा शहाणपणा, आणि तो मला समजावतो, "आजी, ते बरोबर आहे ग, मध्ये पडलं की आणखी बिघडतं." मी म्हणते, बिघडतं, माहीत आहे मला, विहीर लाल झाली की बिघडतं. आणि नाही पडलं तरी बिघडतं. मग काय करायचं ते त्या तुझ्या विमानातल्यांना विचारून सांग. तो म्हणतो, आजी चिडली. चिडणार नाही तर काय?

मासिकात त्या गोष्टीचा शेवट आला नाही. संपादकांनी दोनदा मागितला, दादांनी दिला नाही. पुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही. उन्हाळ्यात बदली मागून आम्ही राहात्याला गेलो. तिथल्या घराला दणकट सागवानी दार होतं, आईने ते पहिल्या दिवशी तीनदा लावून उघडून पाहिलं. दादा मात्र मरेपर्यंत आपल्या खोलीचं दार लावून झोपले नाहीत. आणि मी आंघोळीला बसले की दंडावर हात जातो. कातडी सुरकुतली, खड्डे आता नीट दिसतही नाहीत, पण ठकूबाईने अंगठा दाबला होता ती जागा मला न बघता सापडते.